गोंगाट कशास म्हणावे?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून या गावी सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरून भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करावयाचे, साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यासास बसावयाचे आणि मोठ्यांनी त्यांना तो करू द्यावयाचा, असा गावाचा निश्चय. भोंगा विकत घेण्याचे ठरले ते आदल्याच दिवशी भरलेल्या स्त्रियांच्या सभेत. आरंभी पुष्कळांनी या कल्पनेची थट्टा केली. परंतु अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक सायंकाळच्या वेळी घरोघर फिरले, आणि दीड तासाची ती शांतता हळूहळू गावाच्या अंगवळणी पडली.

आता भोंग्याचा आवाज हा काही सौम्य आवाज नव्हे. ध्वनी मोजण्याचे यंत्र देवळापाशी नेऊन ठेवले, तर घरातल्या दूरदर्शन संचापेक्षा कितीतरी मोठा आकडा ते दाखवील. तरीही वडगावच्या लेखी घरातील मालिकांचा आवाज हा गोंगाट ठरला आणि देवळावरचा भोंगा हा शांततेचा निरोप ठरला. यंत्राला हा निवाडा मान्य होण्याजोगा नाही. गावाला मात्र तो सहज पटला. याचे कारण असे की, हवेतील कंपने मोजून गोंगाटाचा अर्धाच अर्थ कळतो. कोणत्या आवाजाला, कोणत्या वेळी, आपल्या भिंतीच्या आत येण्याची मुभा द्यावयाची, याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांत झालेला एक अलिखित करार त्यामागे असतो. तो करार आहे तोवर मोठा आवाजही सुसह्य होतो. तो मोडला की पलीकडच्या खोलीतील खोकलाही सहन होत नाही.

‘भोंगा’ या शब्दाचेच पाहावे. मुंबई, सोलापूर, इंदूर येथील कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा म्हणजे गिरणीचा भोंगा. पहाटे तो वाजला की चाळीचाळींतून दिवे लागत आणि चुली पेटत. ज्याला पाळी नाही त्याचीही झोप त्याने मोडे. तरी त्या भोंग्याविरुद्ध चाळकऱ्यांनी तक्रार केली असे सहसा ऐकिवात नाही, कारण त्या आवाजावर घरची भाकरी अवलंबून होती. संपाच्या दिवसांत भोंगा वाजेनासा झाला की ती शांतताच काळजाला झोंबे. गिरण्या बंद पडल्या आणि तोच शब्द प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकाला चिकटला. शब्द तोच राहिला, पण त्याच्याशी ऐकणाऱ्याचे नाते पालटले.

कायद्याला अशा नात्यांचा हिशेब ठेवता येत नाही. त्याला आकडा लागतो. केंद्र शासनाने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत हे आकडे दिलेले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. डेसिबलचे माप सामान्य बेरजेचे नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट. कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे पंचेचाळीस आणि पंचावन्न हे आकडे कागदावर शेजारी दिसले, तरी निजलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठेच अंतर असते. शिवाय नियमांनी नागरिकाला तक्रारीचा मार्ग मोकळा केला आहे तो आवाज ठरलेल्या मर्यादेच्या दहा डेसिबल वा अधिक वर गेला तर, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले गेले तर. म्हणजे दिवसा मर्यादा थोडीशी ओलांडणाऱ्याला कायद्यानेच जरा सवलत ठेवली आहे.

शांतता क्षेत्राची कथा याहून मौजेची आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या सभोवारचा शंभर मीटरचा परिसर शांत असावा, ही मूळ कल्पना. २०१७ साली नियमांत दुरुस्ती झाली, आणि राज्य शासनाने रीतसर जाहीर केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, असे ठरले. रुग्णालयात रुग्ण आहेत एवढे पुरेसे नाही. ते तेथे असल्याची अधिसूचनाही निघावी लागते!

आकडे येण्यापूर्वी गावे आवाजाचे नियमन करीतच नव्हती असे नाही. पहाटेचा काकडा, देवळातील चौघडा, मशिदीतील बांग, महाराची दवंडी, जात्यावरची ओवी, या सर्वांना आपापली वेळ होती आणि त्या वेळांवर गावाचा दिवस चालत असे. लग्नाची वरात एखाद्या सुतकी घरावरून जावयाची असली की वाजंत्री थांबत. मृताचे घर ओलांडून चार पावले पुढे गेल्यावर सनईचा सूर पुन्हा लागे. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, आणि तो मोडणाऱ्याला दंडही नव्हता. परंतु तो मोडण्याची छाती कोणालाही होत नसे. अर्थात या जुन्या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. कोणाच्या वरातीपुढे वाजंत्री वाजावी, कोणाच्या वाजू नये, कोणत्या आळीतून वाजत जावे आणि कोणत्या आळीतून मुकाट्याने जावे, हे जात पाहून ठरविले जाई, आणि त्यापायी माणसांची डोकीही फुटत. आवाज करण्याचा हक्क हा मानाचा हक्क होता, आणि मान सर्वांना सारखा वाटलेला नव्हता.

तरीही त्या काळच्या आवाजाला एक मर्यादा निसर्गाने घालून दिली होती. सनईवाल्याची छाती भरून येई, ढोलवाल्याचे मनगट दुखू लागे, कीर्तनकाराचा घसा बसे. आवाज करणाराही अखेर माणूसच असल्यामुळे, ऐकणाऱ्याच्या आधी बहुधा तोच थकत असे. विसाव्या शतकात ध्वनिक्षेपक आला आणि हा हिशेब मोडला. विजेला दम लागत नाही. ज्याला चार माणसेही ऐकावयास जमविता येत नव्हती, त्याला चार हजारांच्या कानांत शिरण्याचे सामर्थ्य एका कळीसरशी प्राप्त झाले. आणि आवाज करण्याचे श्रम नाहीसे झाले तसा तो आवरण्याचा विवेकही शिथिल पडला.

येथे जाता जाता एका शब्दाची गंमत सांगण्याजोगी आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या प्रचंड भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या अमेरिकन अभियंत्याचे हे नाव, त्या रे डॉल्बी यांची कीर्ती झाली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. नकोसा आवाज घालविण्यासाठी ज्याने बुद्धी खर्चिली, त्याचेच नाव खिडक्यांची तावदाने हादरविणाऱ्या यंत्राला मिळावे, हा विनोद कोणी मुद्दाम रचला असता तर तो ओढून ताणून केल्यासारखा वाटला असता.

२०२२ च्या वसंतात महाराष्ट्रात मशिदींवरील भोंग्यांचा वाद पेटला. ते उतरविण्यासाठी एका राजकीय पक्षाने ३ मे ही मुदत घातली आणि प्रत्युत्तरादाखल मशिदींपुढे हनुमान चालिसा लावण्याची भाषा झाली. त्या गदारोळात मराठवाड्यातील दोन खेड्यांकडे वृत्तपत्रांचे लक्ष गेले. ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात मोडत होती.

पहिले गाव बारड. हे नांदेड जिल्ह्याच्या मुदखेड तालुक्यात आहे. येथे हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन अशी सर्व धर्मांची वस्ती आणि सर्वांची प्रार्थनास्थळे. वाद पेटण्याच्या चारपाच वर्षे आधीच या गावाने एकमुखाने ठराव करून सर्व प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपक उतरविले होते. एकाचा ठेवावयाचा आणि दुसऱ्याचा काढावयाचा, असा प्रकार नव्हता. उतरले ते सगळ्यांचे उतरले. राज्यभर घोषणा चालल्या होत्या तेव्हा बारडला त्या वादात भाग घेण्याचे कारणच उरले नव्हते.

दुसरे गाव ढासला-पीरवाडी, जालना जिल्ह्याच्या बदनापूर तालुक्यातले. येथे वस्ती बहुतांशी हिंदूंची. त्याच दिवसांत या गावाने नेमका उलट ठराव केला. मशिदीवरील ध्वनिक्षेपक काढावयाचा नाही, असे ग्रामस्थांनी ठरविले. त्यांचे म्हणणे असे की, अजान हे सगळ्या गावाचे घड्याळ आहे. पहाटेची अजान झाली की लोक कामाला लागतात, सायंकाळची झाली की शेतातले काम आवरते, रात्रीची झाली की गाव निजावयास जाते. ज्याला तो आवाज प्रार्थनेचा नव्हता त्यालाही तो उपयोगाचा होता.

या दोन ठरावांपैकी बरोबर कोणता? हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो, पण त्यात फारसा अर्थ नाही. बारडचा ठराव ढासल्यावर लादला असता तर एक गाव आपल्या घड्याळाला मुकले असते, आणि ढासल्याचा ठराव बारडला नेला असता तर तेथील शांतता भंगली असती. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट समान होती. आवाज करणारा आणि तो ऐकणारा हे एका सभेत समोरासमोर बसले. ज्यांची झोप मोडते त्यांना आणि ज्यांची प्रार्थना होते त्यांना एकमेकांची नावे ठाऊक होती, शेते शेजारी होती, उद्या पुन्हा एकमेकांची गरज लागणार होती. बाहेरून आलेल्या मुदतीला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

शहरात नेमकी हीच सोय नाही. तेथे वरच्या मजल्यावर कोण राहतो हे खालच्याला माहीत नसते. मंडप घालणारे मंडळ एका गल्लीचे, वर्गणी दुसऱ्या गल्लीची आणि ध्वनिक्षेपक भाड्याने आणलेला तिसऱ्या गावचा. तेथे तक्रार करणारा एकटा पडतो. तो धर्मद्रोही ठरतो, उत्सवाचा वैरी ठरतो, क्वचित त्याच्या दारावर दगडही येतात. म्हणूनच शहरांतील लोक न्यायालयांकडे वळले. मद्रासेतील एका वसाहतीच्या रहिवाशांनी शेजारच्या चर्चमधील ढोल, गिटार आणि ध्वनिक्षेपक यांविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निर्णय दिला की, दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही. मुंबईतील कुर्ला भागातील दोन रहिवासी संघटनांच्या अर्जावर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असाच निर्वाळा दिला, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नव्हे. त्या निकालातील आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पटविण्याच्या मागे न लागता कारवाई करावी आणि त्याचे नाव उघड करू नये, असे न्यायालयाने बजावले. लोक असह्य होईपर्यंत सहसा तक्रार करीत नाहीत, हेही न्यायमूर्तींनी नमूद केले. वडगावात ज्या बायका सभेत उभ्या राहून बोलल्या, त्यांच्या शहरातील बहिणींना बोलण्यासाठी आधी नाव लपवावे लागते. दोन ठिकाणच्या समाजस्थितीतील अंतर यावरून कळावे.

परंतु सभेने आणि सहमतीने सर्व काही साधेल असे मानणेही भोळेपणाचे होईल. सहमतीत मोठा आवाज कोणाचा, हाही प्रश्न असतोच. एका घरची तान्ही मूल घेतलेली सून, एका खोलीत अंथरूण धरलेला म्हातारा, रात्रपाळी करून दिवसा निजणारा कामगार, यांना सभेत कोण विचारतो? सर्व गाव आनंदात असताना ‘मला त्रास होतो’ असे म्हणण्यास जे धैर्य लागते, ते सर्वांच्या अंगी असत नाही. अशांसाठी आकडा लागतो, आणि तो आकडा अंमलात आणणारा शिपाईही लागतो.

किती लागतो, याची अत्यंत दुःखद साक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात नोंदलेली आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारी ध्वनिक्षेपकावर चाललेल्या संगीतात बुडून गेला आणि कोणाच्याही कानी पडला नाही. त्याच सायंकाळी त्या मुलीने स्वतःला पेटवून घेतले. या घटनेने हेलावून एका नागरिकाने अर्ज केला, आणि त्यातून १८ जुलै २००५ चा ध्वनिप्रदूषणावरील सविस्तर निकाल जन्मास आला. नको असलेले ऐकावयास लागू नये हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यात प्रतिपादिले आहे. गोंगाटामुळे कान बिघडतो, झोप मोडते, रक्तदाब वाढतो, हे सर्व आता सर्वज्ञात आहे. पण गोंगाटात दुसऱ्याची हाक ऐकू येत नाही, हा दोष मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

त्याच नियमांत उत्सवांसाठी एक फटही आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी, रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना आहे. हे पंधरा दिवस कोणते, हे ठरविताना दरवर्षी जी ओढाताण होते ती पाहिली, म्हणजे आवाज हा अजूनही मानाचाच विषय आहे हे पटते. गणपतीला किती रात्री, नवरात्राला किती, ईदेला, नाताळला किती! शांततेची वाटणी करावयास मात्र कोणी पुढे येत नाही.

निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे तोडगे निघत आहेत. हैदराबादेत १ ऑक्टोबर २०२४ पासून धार्मिक मिरवणुकांतील ‘डीजे’ यंत्रणेवर पोलिसांनी बंदी घातली. परंतु त्याआधी सर्व धर्मांच्या प्रमुखांना आणि लोकप्रतिनिधींना एकत्र बसवून विचारविनिमय केला गेला, आणि बंदी गणपतीच्या मिरवणुकीला तशीच मिलादच्या मिरवणुकीलाही लागू झाली. मध्यप्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी काढलेल्या पहिल्या आदेशांपैकी एक ध्वनिक्षेपकांवरील नियंत्रणाचा होता. गोव्यात काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर रात्री दहानंतरच्या निर्बंधातून एक चमत्कारिक युक्ती निघाली. नाचणाऱ्यांनी कानांना श्रवणयंत्रे लावून नाचावयाचे! शेकडो माणसे तालावर डोलत आहेत आणि ऐकू येते ती केवळ लाटांची गाज, हे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला भुताटकीसारखे वाटावे. परंतु त्यात नाचणाऱ्याचे संगीत जात नाही आणि निजणाऱ्याची झोपही जात नाही.

पुण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथील ढोलताशा पथकांत विजेचा संबंध नाही. ढोल बडविणारी तरुण मुलेमुलीच आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ च्या गणेशोत्सवापूर्वी एका पथकात तिसांहून अधिक वादक असू नयेत असा दंडक घातला. सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाच्या काही दिवस आधी त्याला स्थगिती दिली. ढोलावर प्रेम करणाऱ्यांना हायसे वाटले आणि लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्या वृद्धांना काय वाटले हे कोणी विचारले नाही. तरी एक भेद मान्य करावा लागेल. पथकाच्या पुढे चालणारा प्रमुख हात वर करतो आणि पन्नास ढोल क्षणात थांबतात. मिरवणुकीच्या वाटेवर रुग्णालय लागले, कोणाच्या दारात तिरडी बांधली जात असली, तर हात वर करावयास कोणीतरी माणूस तेथे असतो.

भाड्याने आणलेल्या डॉल्बीच्या मालमोटारीत तो कोठे बसतो? मोटार हाकणारा दुसऱ्या तालुक्यातला, यंत्र चालविणारा तिसऱ्या, जनित्राची धडधड इतकी की पाठीमागून मारलेली हाक दोघांनाही ऐकू जात नाही. सुतकी घर येते आणि मागे पडते. वरातीतला एखादा म्हातारा सवयीने क्षणभर थबकतो, डोक्यावरची टोपी सारखी करतो, आणि मग पुढच्यांना गाठण्यासाठी लगबगीने चालू लागतो.